ध्वनिजन्य बहिरेपणा

मोठ्या आवाजात दीर्घकाळ राहिल्याने, किंवा स्फोटासारख्या एकाच अतितीव्र आवाजाने, अंतर्कर्णाला कायमची इजा होऊन येणारा बहिरेपणा. प्रौढांच्या श्रवणदोषाच्या कारणांत वार्धक्याखालोखाल याचा क्रम लागतो. रोजच्या गोंगाटाने येणारा बहिरेपणा दुखत नाही आणि इतका हळूहळू वाढतो, की माणूस स्वतःच्या कानाऐवजी समोरच्याला दोष देतो : ‘हल्ली सगळे पुटपुटतच बोलतात.’

हा विकार जुना आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच लिहून ठेवले, की व्हेनिसच्या तांबटांना सततच्या ठोकाठोकीने कमी ऐकू येऊ लागते आणि त्याच कामात म्हातारे झालेले पुरते बहिरे होतात. 1886 मध्ये कानाचे डॉक्टर थॉमस बार यांनी ग्लासगोतील बॉयलर बनवणाऱ्या 100 कारागिरांचे कान तपासले, तेव्हा त्यांतल्या एकाचीही श्रवणक्षमता धड आढळली नाही.

अंतर्कर्णातील गोगलगायीच्या शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या नळीला शंखावर्त म्हणतात. तिच्यात जन्मतः सुमारे 15,000 केशपेशी असतात. त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म केस ध्वनिलहरींनी वाकतात आणि त्या हालचालीचे विद्युत् संदेशात रूपांतर होते. यांपैकी तीन रांगांत असलेल्या बाह्य केशपेशी क्षीण आवाज वाढवण्याचे काम करतात. गोंगाटाचा पहिला मार त्यांनाच बसतो. अतिश्रमाने पेशीत घातक रेणू साचतात, त्यामुळे आवाज थांबल्यावरही काही दिवस पेशी मरत राहतात. पक्ष्यांमध्ये अशा पेशी पुन्हा उगवतात. माणसात त्या एकदा गेल्या की गेल्याच.

बाहेरून पडद्यापर्यंत जाणाऱ्या कर्णनलिकेच्या घडणीमुळे 3000 हर्ट्झच्या (सेकंदाला 3000 कंपनांच्या) आसपासचे ध्वनी आत जाताना आपोआप मोठे होतात, आणि सर्वांत जास्त इजा त्याच्या थोड्या वरच्या पट्ट्यात होते. म्हणून श्रवणालेखात, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखात, 4000 हर्ट्झजवळ खाच दिसते व 8000 ला रेषा पुन्हा वर येते. निव्वळ वार्धक्याच्या बहिरेपणात ती वर येत नाही, खाली घसरतच जाते. बोलण्यातली स, श, फ अशी व्यंजने या वरच्या पट्ट्यात असतात, तर स्वर खालच्या. त्यामुळे माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाही. कोणी ‘साठ’ म्हटले की कानावर ‘आठ’ पडते. शांत खोलीत ओठांकडे पाहून, अंदाजाने निभावून नेता येते; चार जण एकदम बोलू लागले की तो गप्प बसतो. या विकाराचा खरा घाव इथे आहे, डेसिबलच्या आकड्यात तो दिसत नाही. सोबत कर्णनाद, म्हणजे कानात सतत शिट्टी किंवा किरकिर, असेल तर झोपही उडते.

कानठळ्या बसवणाऱ्या आवाजातून बाहेर आल्यावर कानाला दडे बसतात आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतात. दडे उतरले म्हणजे कान पूर्ववत झाला, हा समज आता सोडायला हवा. 2009 मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवले, की श्रवणक्षमता मूळ पातळीवर आल्यानंतरही केशपेशी व श्रवणतंतू यांचे अनेक जोड कायमचे तुटलेले असतात.

इजा ठरते ती आवाजाची तीव्रता आणि काळ यांच्या एकत्रित मात्रेवर. डेसिबल हे लॉगरिदमी माप आहे : 3 डेसिबल वाढले की ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि सोसण्याचा काळ निम्म्यावर येतो. 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास धरले, तर 94 ला एकच तास आणि 100 ला 15 मिनिटे उरतात. 85 ही मर्यादा कामाच्या ठिकाणापुरती तडजोड आहे. कामाव्यतिरिक्तचा वेळ कानाला विश्रांती मिळते, असे तीत गृहीत धरलेले असते. तरीही 40 वर्षांच्या नोकरीत 100 पैकी सुमारे 8 कामगारांना गोंगाटाने बहिरेपणा येऊ शकतो. इअरफोनसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 40 तास 80 डेसिबल, आणि मुलांसाठी 75 डेसिबल, इतकी मात्रा सुचवते.

रहदारीचा गोंगाट सहसा या पातळीपर्यंत सतत पोचत नाही. पण तो कानाची विश्रांती हिरावतो, इअरफोनचा आवाज वाढवायला लावतो, झोप मोडतो आणि रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढवतो. टोल्यूइन व स्टायरीनसारखी द्रावके, शिसे आणि कार्बन मोनॉक्साइड हेही कानाला अपायकारक आहेत. छपाई किंवा रंगकामात ते गोंगाटासोबत आले की हानी वाढते. ॲमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविके व कर्करोगावरचे औषध सिस्प्लॅटिन यांनीही केशपेशी मरतात. याउलट 1962 मध्ये कर्णतज्ज्ञ सॅम्युएल रोझेन यांना सुदानमध्ये अतिशय शांत परिसरात राहणाऱ्या माबान लोकांत वृद्धांचेही कान शहरी समवयस्कांपेक्षा कितीतरी तल्लख आढळले. त्यात आहार आणि आनुवंशिकतेचाही वाटा असावा.

मेलेल्या पेशी परत आणणारा उपचार नाही. श्रवणयंत्र उरलेल्या श्रवणशक्तीला आधार देते, पण शब्दांची स्पष्टता पूर्ण परत आणत नाही. म्हणून गोंगाट करणाऱ्या यंत्राचाच आवाज कमी करणे, त्यापासून अंतर वाढवणे (मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की सुमारे 6 डेसिबल घटतात) आणि शेवटी कर्णरक्षक (कानात घालायचे बोळे किंवा कानांवरची आच्छादने), असा उपायांचा क्रम आहे. 30 डेसिबल अडवणारे रक्षक गोंगाटातल्या निम्म्या वेळी काढून ठेवले, तर दिवसाअखेर संरक्षण जेमतेम 3 डेसिबलचे भरते. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. नीट बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो. तसा आला नाही तर काढून पुन्हा घालावा.