खुलासा : जॅकी रॉबिन्सन ‘पहिला’ नव्हता

दर १५ एप्रिलला मेजर लीग बेसबॉलचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेचे, सगळे खेळाडू जॅकी रॉबिन्सनच्या ४२ क्रमांकाची जर्सी घालतात, आणि तेच वाक्य पुन्हा फिरतं : ‘मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन.’ हे खरं नाही. रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून उतरला १९४७ साली. त्याच्या ६३ वर्षं आधी, १८८४ मध्ये, मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या मेजर लीग संघाचा कॅचर (फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा) होता. त्या हंगामात तो ४२ सामने खेळला. त्याचा भाऊ वेल्डीही काही सामन्यांत उतरला. पुढे संघमालकांनी आपसांत संगनमत करून कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी दार लावून घेतलं, कुठलाही लेखी नियम न करता. रॉबिन्सननं फोडलं ते हे दार. त्याचा मान यानं तसूभरही कमी होत नाही. पण वॉकरचं नाव गाळलं, की दार लावणारेही नामानिराळे सुटतात.