विनोदी खूननाट्य आणि त्याची समीक्षा

विनोदी खूननाट्य : खुनाचा तपास हा कथेचा कणा आणि हशा हे प्रयोगाचे मुख्य बळ असलेला नाट्यप्रकार. विसाव्या शतकात तो प्रामुख्याने लंडन आणि न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर वाढला. आडबाजूचा बंगला, वादळी रात्र, एक प्रेत आणि पाच-सहा संशयित एवढ्या भांडवलावर तो उभा राहतो. प्रेक्षकांनी त्याला उचलून धरले. समीक्षकांना मात्र त्याचे मोजमाप कसे करावे हा पेच पडत आला. रहस्य म्हणून पाहिले तर विनोद आगंतुक वाटतो, प्रहसन म्हणून पाहिले तर खुनाचा उलगडा लंगडा वाटतो. खरे तर या नाटकांचा कस संहितेपेक्षा प्रयोगात लागतो, आणि संहितेवर नजर ठेवून लिहिलेली परीक्षणे नेमकी इथेच कमी पडतात.

परीक्षणकर्त्यापुढची पहिली अडचण अगदी व्यावहारिक आहे : शेवट फोडता येत नाही. लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १९५२ रोजी सुरू झालेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द माउसट्रॅप’ या रहस्यनाट्याच्या प्रयोगानंतर, खुनी कोण हे बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. ते नाटक निव्वळ विनोदी नाही. पण हा संकेत सगळ्याच रहस्यनाट्यांना लागू पडतो. परिणामी उत्तरार्धाची रचना, धागेदोरे जुळतात की नाही, यावर समीक्षक मोकळेपणी लिहू शकत नाही. अभिनय, नेपथ्य आणि पहिल्या अंकाची पकड यांवरच लेखणी थांबते. या प्रकाराची परीक्षणे वरवरची वाटतात, त्याचे हे एक कारण आहे.

समीक्षक आणि प्रेक्षक यांचे एकमत झाले ते ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’बाबत. जोसेफ केसेलरिंग यांचे हे नाटक १० जानेवारी १९४१ रोजी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आले आणि त्याचे १,४४४ प्रयोग झाले. ब्रुकलिनमधल्या दोन प्रेमळ वृद्ध बहिणी एकाकी म्हाताऱ्यांना विष घातलेली वाइन पाजतात, दयाबुद्धीने. बळींची संख्या डझनभर, पण बहिणींच्या हातचा एकही खून रंगमंचावर घडत नाही. भीषणता हशाच्या आड जात नाही आणि हशावर मातही करत नाही. भयपटांतला नट बोरिस कार्लोफ याच्यासारखा दिसतो असे म्हटले की चवताळणारा, बहिणींचा खुनी भाचा खुद्द कार्लोफनेच रंगवला होता.

समीक्षकांनाच रंगमंचावर ओढले ते टॉम स्टॉपर्ड यांनी. ‘द रिअल इन्स्पेक्टर हाउंड’ (१९६८) या एकांकिकेत मून आणि बर्डबूट हे दोन समीक्षक एक ठोकळेबाज खूननाट्य पाहत बसलेले असतात. मून हा दुय्यम समीक्षक, वरिष्ठाच्या गैरहजेरीत आलेला आणि त्या सलीने कुढणारा. बर्डबूटचे लक्ष नटीवर. समोर प्रेत पडलेले आहे आणि नाटकातल्या पात्रांना ते बराच वेळ दिसत नाही. घरकाम करणारी बाई फोन उचलते आणि पलीकडच्याला स्थळ, काळ, ऋतू असे सगळे रंगसूचनेच्या थाटात ऐकवते. पुढे रिकाम्या रंगमंचावर फोन वाजत राहतो. मून वैतागून उठतो, उचलतो, तर पलीकडे बर्डबूटची बायको. तिथून दोघेही त्या खूनकथेत गुरफटतात. स्टॉपर्ड यांनी स्वतः आधी नाट्यपरीक्षणे लिहिली होती. समीक्षेची भारदस्त भाषा, हेवेदावे आणि लागेबांधे यांची इतकी अचूक नक्कल आतल्या माणसालाच जमते.

आयरा लेव्हिन यांच्या ‘डेथट्रॅप’मध्ये (१९७८) नाटकातला नाटककारच आपल्या प्रकाराची चिरफाड करतो : एक स्थळ, पाच पात्रे, दोन अंक. प्रत्यक्ष नाटकही तसेच बेतलेले. ब्रॉडवेवर त्याचे १,७९३ प्रयोग झाले.

‘शिअर मॅडनेस’ने वेगळाच पेच टाकला. १९८० मध्ये बॉस्टनमध्ये सुरू होऊन तिथे अनेक वर्षे चाललेल्या या नाटकात केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर पियानोवादिकेचा खून होतो. प्रेक्षक संशयितांची उलटतपासणी करतात आणि गुन्हेगार मतदानाने ठरवतात. शेवट बदलता, विनोद त्या त्या शहराचे आणि ताज्या बातम्यांचे. अशा नाटकाचे एका रात्रीचे परीक्षण दुसऱ्या रात्री कितपत लागू पडणार?

एकविसाव्या शतकात ‘द प्ले दॅट गोज राँग’ने चर्चा पुन्हा प्रयोगाकडे वळवली. मिस्चीफ थिएटर या नाट्यसंस्थेच्या हेन्री लुइस, जोनाथन सेयर आणि हेन्री शील्ड्स यांनी लिहिलेले हे नाटक २०१२ मध्ये लंडनच्या एका पबवरच्या छोट्या नाट्यगृहात सुरू झाले आणि २०१४ मध्ये वेस्ट एंडला, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, गेले. हौशी मंडळी एक खूननाट्य सादर करतात आणि सगळेच फसते. प्रेत झालेल्या नटाच्या हातावर पाय पडतो. तो उचलून न्यावा तर स्ट्रेचरचे कापड फाटते. एक संवाद चुकून मागच्याच संवादावर नेतो आणि सगळे त्याच चक्रात फिरत राहतात. वरचा मजला हळूहळू कलतो, नट त्यावर तोल सांभाळत बोलत राहतात. एकच गंमत दोन तास ताणली, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. फसत जाणाऱ्या नाटकाचीच गंमत दाखवणाऱ्या मायकेल फ्रेन यांच्या ‘नॉइझेस ऑफ’शी (१९८२) तुलनाही अटळ, आणि पात्रांच्या खोलीत फ्रेन सरस ठरतात हे मान्य करावे लागते. पण सेकंदाच्या हिशेबाने कोसळणारे नेपथ्य आणि त्याखाली न बिचकता उभे राहणारे नट यांना केवळ धांदल म्हणणे अन्यायाचे आहे. २०१५ मध्ये त्याला नव्या विनोदी नाटकाचा ऑलिव्हिए हा लंडनच्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला. २०१७ मध्ये ब्रॉडवेचा टोनी पुरस्कार मिळाला तो नायजेल हुक यांच्या नेपथ्याला.