खाडीची कोळंबी आणि खाडीकाठची कोळंबी

हर्णैच्या वाटेवर मासळी घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडून जूनमध्ये कोळंबी घेतली. वाटा देखणा होता. सगळी बोटभर, एका मापाची, काचेसारखी फिकट. ‘‘समुद्राची का हो, मावशी?’’ ‘‘नाय ताई, खाडीची हाय.’’ त्या खोटं बोलल्या नव्हत्या. कोळंबी खाडीकाठच्या तळ्यातली होती आणि तळ्यात पाणी खाडीचंच भरतात. पण खाडीत पागून, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याने धरून, आणलेली कोळंबी वेगळी आणि खाडीकाठी खाद्य घालून वाढवलेली वेगळी. दोन्हींचं कालवण छानच होतं. फरक आहे तो आपण मावशींच्या हातावर न ठेवलेल्या पैशांचा. ते पैसे दुसरं कुणीतरी भरत असतं.

आधी ओळख. पागात किंवा डोलीत (प्रवाहात लावून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्यात) आलेली कोळंबी कधी एका मापाची नसते. वाट्यात लहानमोठी सोलटं असतात, चिमटीएवढा खेकडा, एखादी करदी अडकलेली असते. साफ करायला बसलं की तासभर जातो. तळ्यातली मात्र जवळपास एकाच दिवशी सोडलेली आणि एकाच दिवशी काढलेली, म्हणून सारखी. ही बहुतेक वेळा ‘वनामी’ असते. मूळची ती आपली नव्हेच, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या प्रशांत किनाऱ्याची. भारतात आधी तळ्यांत टायगर जातीची कोळंबी वाढवत. १९९०च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने ती तळीच्या तळी मेली. मग २००९ मध्ये वनामीला परवानगी मिळाली. जोपासना मोठ्या प्रमाणावर आंध्रात, पण पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आपल्याकडेही तळी आहेत.

तळ्याचं काम असं चालतं. एका चौरस मीटरमध्ये जास्तीत जास्त ६० पिल्लं सोडायची मुभा नियमात आहे. म्हणजे आपल्या देव्हाऱ्यापुढच्या चौरंगाएवढ्या जागेत डझनाने कोळंबी. इतक्या गर्दीला पाण्यातला प्राणवायू पुरत नाही, म्हणून पाणी घुसळणारी चाकं रात्रंदिवस फिरतात, वीज गेली की डिझेलवर. तीन-चार महिन्यांत माल तयार. एक किलो कोळंबीमागे साधारण दीड किलो खाद्य लागतं. उरलेलं खाद्य आणि विष्ठा तळाशी बसते. पाणी सोडण्याआधी ते निवळून घ्यावं असा नियम आहे. जिथे तो पाळत नाहीत, तिथे तो गाळ जातो थेट खाडीत, जिथे कुणीतरी पाग टाकून उभा असतो.

दुसरी गोष्ट मिठाची, आणि मला वाटतं कोकणाच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची. आपल्या पूर्वजांनी खाडीला बांध घालून, भरतीचं पाणी अडवून खार जमिनी कमावल्या, त्यात राता हा मीठ सोसणारा तांबडा भात पिकवला. एका पिढीने नव्हे, कित्येक पिढ्यांनी. तळं म्हणजे नेमकं उलटं काम: खारं पाणी मुद्दाम आत घ्यायचं आणि महिनोन् महिने साठवायचं. तळ्याला नीट अस्तर नसेल तर ते बांधाखालून पाझरतं. शेजारच्या शेतातलं भात पिवळं पडतं, विहिरीचं पाणी मचूळ लागू लागतं. तळेवाला पीक काढून हिशेब मिटवतो, शेजाऱ्याचा हिशेब तेव्हा सुरू होतो. तामिळनाडूत हेच झालं. तिथले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातली तळी, पारंपरिक वगळून, मोडायला सांगितली. पुढे २००५ च्या कायद्याने परवाना घेऊन तळी चालवायची वाट मोकळी झाली.

औषधांबद्दल थोडक्यात. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारखी प्रतिजैविकं कोळंबीला द्यायला बंदी आहे. परदेशी जाणारा माल प्रयोगशाळेत तपासला जातो. बाजारात आपल्यापुढे येणारा वाटा कुणी तपासताना मी आजवर पाहिलेला नाही.

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग समुद्राचीच घ्यावी. मीही बरीच वर्षं तसंच समजत होते. पण समुद्राची म्हणजे कशाने धरलेली? बंदरावर येणारी पुष्कळशी कोळंबी ट्रॉलरची असते. ट्रॉलचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं आणि त्यात कोळंबीपेक्षा इतर जीवच वजनाने जास्त भरतात. बंदरावर ढीग ओतला की बाया भराभर कोळंबी निवडून घेतात. मागे उरतं ते बघवत नाही. बोटाच्या पेराएवढी ढोमी, अजून पापलेट व्हायची पापलेटं, चिंगूळ खेकडे, सगळं चिखलात मिसळलेलं. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, तो याच ढिगासाठी.

हा ढीग टाकून देत नाहीत. तो फिशमीलच्या, म्हणजे मासळीची पूड करणाऱ्या, कारखान्यात जातो, सोबत तारलीही जाते. आणि तिथे तयार होणारी पूड कशात पडते? तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात. म्हणजे ट्रॉलरची आणि तळ्याची कोळंबी वेगवेगळ्या वाटत असल्या तरी एकीच्या उरलेल्यावर दुसरी पोसली जाते. मधल्या मध्ये तारली गेली. स्वस्त, तेलाने भरलेली, मजुरीवरून येताना कुणीही पदरात बांधून आणावी अशी मासळी. तिची पूड करून महाग कोळंबीला घालायची, यात मला अन्याय दिसतो आणि तो मी अन्यायच म्हणणार.

तळेवाल्यांवर माझा राग नाही. बांध फुटून आधीच नापीक झालेल्या जमिनीवर, अस्तर घालून, पाणी निवळून सोडणारं तळं असेल तर ते ट्रॉलपेक्षा बरं, असं माझं मत आहे. कांदळवन तोडून किंवा भाताच्या शेजारी केलेलं असेल तर कुठल्याच भावाने ते परवडत नाही. पागाची कोळंबी सर्वांत कमी नुकसानीची, पण ती थोडी असते, लहान असते आणि रोज मिळत नाही. डोलही अगदी निर्दोष नाही, तिच्या टोकाच्या बारीक आसाच्या पिशवीत पिल्लं येतातच.

म्हणून हल्ली मी मावशींना ‘समुद्राची का खाडीची’ विचारत नाही. ‘कशाने धरली?’ विचारते. पाग, डोल, ट्रॉलर की तळं, हे त्यांना नक्की माहीत असतं आणि सरळ विचारलं की त्या सरळ सांगतात. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत एका मापाची मोठी कोळंबी हवी तेवढी दिसली, तर ती तळ्यातली किंवा बर्फातली. आमच्याकडे त्या दोन महिन्यांसाठी मे महिन्यात सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, भरून ठेवायची पद्धत होती. यंदा मी पुन्हा डबा भरला. मूठभर सोडे कोमट पाण्यात भिजवून वांग्यात टाकले की चौघांना पुरतात.