काळोखातली वाट, अडखळती जीभ आणि एक अक्षर

कुणी चाचरत, शब्द शोधत जपानी बोलू लागला की त्याच्या बोलण्याला 'तादोतादोशी' म्हणतात. या शब्दाचा जुना वापर वाटेबद्दलचा आहे. आठव्या शतकातल्या 'मानयोशू' या काव्यसंग्रहात बुझेन प्रांतातली एक स्त्री प्रियकराला सांगते : सांजेच्या काळोखात वाट धड दिसत नाही, चंद्र उगवल्यावर जा, तेवढा वेळ तुला पाहीन. तिथे या शब्दाचं रूप 'तादुतादुशि' आहे. पुढे 'दु'चा 'दो' झाला.

झोकांड्या खाण्याला 'योरोयोरो', तान्ह्याच्या दुडक्या पावलांना 'योचियोची', उत्तर देताना गडबडून जाण्याला 'शिदोरोमोदोरो'. हे द्विरुक्त शब्द लेखनसुधारणांतून सुखरूप सुटले. घोळ झाला तो 'त्सुमाझुकु'चा.

ठेच लागणं हा त्याचा मूळ अर्थ. वाचताना अडणं, गणितात गाडी अडकणं यालाही तेच क्रियापद. फोड सरळ आहे : 'त्सुमे' म्हणजे नख, 'त्सुकु' म्हणजे आदळणं. जपानी ध्वनिलिपीत अक्षराच्या कोपऱ्यात दोन रेघोट्या दिल्या की त्याचा उच्चार मऊ होतो, जसा 'सु'चा 'झु'. म्हणून जुन्या लेखनात यातला 'झु' हा 'त्सु'ला दोन रेघोट्या देऊन लिहीत. 'सु'ला रेघोट्या दिल्या तरी आज बहुतेकांच्या तोंडी उच्चार तोच. 1946च्या सरकारी अधिसूचनेने उच्चाराला प्राधान्य दिलं आणि सर्वसाधारणपणे 'सु'चं रूप ठरवलं. जोडशब्दांत मात्र 'त्सु' राखायची सवलत ठेवली. मग 'त्सुमाझुकु' जोडशब्द आहे की नाही? आजच्या माणसाला त्यातले दोन शब्द जाणवत नाहीत, हे कारण देऊन त्याला सवलत नाकारली गेली. 'किझुकु' (ध्यानात येणं) याला मात्र ती मिळाली, कारण त्यातला 'कि' (मन, भान) ओळखू येतो. ठेच पायाच्या नखालाच लागते. ते नख जाणवत नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही.

1986च्या सुधारित नियमांनी अर्धी माघार घेतली : 'सु'चं रूप प्रमाण, पण 'त्सु'चंही चालेल. 'हिझामाझुकु' (गुडघे टेकणं) आणि 'उनाझुकु' (मान डोलावणं) यांनाही हाच न्याय. 'त्सुमाझुकु'चं चित्राक्षर (चिनी लिपीतून आलेलं अक्षर) नित्य वापराच्या सरकारी यादीत नाही, त्यामुळे वृत्तपत्रांत ते सहसा ध्वनिलिपीतच छापतात आणि अक्षराची निवड टाळता येत नाही. शब्दकोशांत मुख्य नोंद 'सु'खाली असते. 'त्सु'चं लेखन तिथे ऐतिहासिक रूप म्हणून बारीक ठशात दिसतं.