अन्नातील जड धातू (कोल्हापूर)

शिसे, पारा, कॅडमियम आणि सोयीसाठी याच गटात धरले जाणारे धातुसदृश आर्सेनिक यांचे अंश माती, पाणी, खते व भांडी यांतून अन्नात उतरतात. शिजवल्याने ते नष्ट होत नाहीत.

शिशाशी या परिसराचा परिचय जुना आहे. कोल्हापुरात सापडलेली कुर राजांची (नावाच्या शेवटी ‘कुर’ असलेल्या स्थानिक राजांची) नाणी शिशाची व पोटिनची (तांबे, कथिल, शिसे यांच्या मिश्रधातूची) असून ती साधारणतः इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या आसपासची मानली जातात. काही अभ्यासक या राजांना सातवाहनच समजतात, काही त्यांचे मांडलिक. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने उल्लेखलेला ‘बॅलिओकुरोस’ राजा म्हणजे यांपैकी विळिवायकुर असावा. तो पैठणच्या सातवाहन राजाहून वेगळा नोंदवला असल्याने दुसरा पक्ष, म्हणजे मांडलिकत्वाचा, अधिक संभाव्य वाटतो. या शिशाचा अन्नाशी संबंध मात्र दाखवता येत नाही.

सध्या नदीइतकेच भांडेही लक्ष देण्याजोगे आहे. इथल्या पंचगंगा नदीची चर्चा मुख्यतः मैलापाण्याची, जड धातूंची नव्हे. २०१२ ची इचलकरंजीतील काविळीची साथही त्यातलीच. पितळी भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी कळकते, म्हणजे आम्लाने तांबे सुटते. त्यावर उपाय कल्हईचा, म्हणजे आतून कथिलाचा थर देण्याचा. तापवलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पृष्ठावरील ऑक्साइड निघते आणि वितळलेले कथिल कापसाच्या बोळ्याने पसरवता येते. शुद्ध कथिल २३२° से.ला वितळते, ६३ भाग कथिल व ३७ भाग शिसे यांचे मिश्रण १८३° से.लाच. शिवाय शिसे स्वस्त, त्यामुळे भेसळीला दुहेरी निमित्त मिळते. अशी कल्हई आंबटात शिसे सोडते. कळकलेल्या ताकाने मळमळ-उलटी लगेच होते, शिशाची चाहूलही लागत नाही. म्हणून शिसेमिश्रित कल्हई कळकण्याहून वाईट.

फॉस्फेट खतांत कॅडमियमचे अल्प अंश असतात. जिल्ह्याच्या पूर्वेकडील काळ्या जमिनीत ते बरेचसे मातीला धरून राहते; राधानगरी, आजरा भागांतील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत पिकांना अधिक सहज मिळते. भातखाचरात पाणी उभे असताना उलट घडते : कॅडमियम अडते, आर्सेनिक सुटते.

गिळलेल्या शिशाचा सुमारे निम्मा भाग लहान मुले शोषू शकतात, प्रौढ साधारण दहावा. ते हाडांत मुरते व गरोदरपणी पुन्हा रक्तात येते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. कॅडमियम मूत्रपिंडात दशकानुदशके राहते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये शिशाची साप्ताहिक सह्य मर्यादा मागे घेतली, कारण निर्धोक प्रमाण ठरवता येईना. कॅडमियमसाठी शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा दिली. भारतात दूषकांविषयीचे विनियम २०११ चे आहेत.

गुळाचा रंग उजळण्यासाठी वापरला जाणारा हायड्रॉस हा गंधकयुक्त विरंजक असून जड धातूंत मोडत नाही.