केप व्हर्दे राष्ट्रीय फुटबॉल संघ

केप व्हर्दे राष्ट्रीय फुटबॉल संघ : पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे ५७० किमी. आत, अटलांटिक महासागरात असलेल्या केप व्हर्दे (अधिकृत नाव काबो व्हेर्दे) या द्वीपराष्ट्राचा पुरुषांचा फुटबॉल संघ. ‘निळे शार्क’ या नावाने तो ओळखला जातो. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी तो प्रथमच विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेस (२०२६) पात्र ठरला. देश दहा बेटांचा. त्यांपैकी नऊ बेटांवर वस्ती आहे. एकूण क्षेत्रफळ ४,०३३ चौ. किमी., म्हणजे गोव्याहून जेमतेम मोठे, आणि लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही प्रदेशांनी साडेचार-पाच शतके पोर्तुगीज अंमल पाहिला, हे आणखी एक साम्य. एवढ्या मूठभर लोकांमधून विश्वचषकाच्या तोडीचा संघ कसा उभा राहिला, याचे उत्तर मात्र बेटांवर कमी आणि रॉटरडॅम, लिस्बन व पॅरिसच्या उपनगरांत जास्त सापडते.

कोळशाचे बंदर ते राष्ट्रीय संघ

साओ व्हिसेंत बेटावरचे मिंदेलो हे खोल पाण्याचे नैसर्गिक बंदर. वाफेच्या जहाजांच्या काळात अटलांटिक ओलांडणारी जहाजे कोळसा भरून घेण्यासाठी येथे थांबत. कोळशाच्या वखारी इंग्रजांच्या होत्या, समुद्राखालच्या तारेचे कार्यालयही त्यांचेच. त्यांच्याबरोबर क्रिकेट, गोल्फ आणि फुटबॉल बेटावर उतरले. क्रिकेट मागे पडले, फुटबॉल रुजले. मिंदेलोतील एका जुन्या क्लबचे नाव आजही ‘डर्बी’ आहे. राजधानी प्राया आणि आसपासचे क्लब मात्र पोर्तुगालकडे तोंड करून उभे राहिले. तेथे ‘स्पोर्टिंग’ आहे, ‘बोआविश्ता’ही आहे, सगळी लिस्बन-पोर्तोची नावे. वसाहतीच्या काळात गुणी मुलाची वाट ठरलेली असे: बेटावरचा क्लब, मग बोट, मग लिस्बन.

५ जुलै १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला. गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्दे यांच्या मुक्तिलढ्याचे नेते आमिल्कार काब्राल यांची १९७३ मध्ये हत्या झाली होती. त्यांच्या नावाने १९७९ पासून पश्चिम आफ्रिकी देशांची काब्राल चषक स्पर्धा भरू लागली आणि नव्या राष्ट्रीय संघाला खेळण्यासाठी एक हक्काचे व्यासपीठ मिळाले. देशाची फुटबॉल संघटना १९८२ मध्ये स्थापन झाली आणि १९८६ मध्ये ती फिफाची सदस्य बनली. पुढची बरीच वर्षे सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. पैसा नव्हता, बहुतेक मैदाने मातीची होती, आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर संघ नेणे हीच एक मोहीम असे. देशांतर्गत स्पर्धेची रचना अजूनही या भूगोलाला धरून आहे. प्रत्येक बेटाची स्वतंत्र लीग असते (सांतियागो आणि सांतो अंताओ या बेटांवर दोन-दोन), आणि त्यांचे विजेते राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी एकमेकांना भिडतात.

२००० साली फिफाच्या क्रमवारीत हा संघ १८२ व्या स्थानापर्यंत घसरला होता. गंमत अशी, की त्याच वर्षी प्रायात झालेल्या काब्राल चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने सेनेगलला १–० असे हरवून पहिले मोठे विजेतेपद मिळवले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीतले पहिले पाऊलही २००० चेच. अल्जीरियाला प्रायात गोलशून्य बरोबरीत रोखले, पण परतीच्या सामन्यात हार झाली. २००९ मध्ये लिस्बनला झालेल्या लुझोफोनिया क्रीडास्पर्धेत, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या खेळांत, फुटबॉलचे सुवर्णपदक केप व्हर्देने जिंकले. याच स्पर्धेची पुढची आवृत्ती २०१४ मध्ये गोव्यात झाली.

देशाबाहेरचा देश

केप व्हर्देत पाऊस बेभरवशाचा. दुष्काळ आणि उपासमारीने ही बेटे पिढ्यान्‌पिढ्या गांजलेली होती. १९४० च्या दशकातल्या दुष्काळांत हजारो माणसे दगावली. त्यामुळे बाहेर पडणे हा येथील जगण्याचाच भाग झाला. ब्राव्हा आणि फोगो बेटांवरचे तरुण अमेरिकन देवमासेमारी जहाजांवर खलाशी म्हणून चढले आणि अमेरिकेतील न्यू बेडफर्डच्या परिसरात स्थिरावले. पुढच्या पिढ्या लिस्बनच्या बांधकामांवर, रॉटरडॅमच्या गोदीत आणि फ्रान्सच्या कारखान्यांत गेल्या. आज देशात राहणाऱ्यांपेक्षा मूळचे केप व्हर्देचे असलेले लोक बाहेर अधिक आहेत, असे सर्रास मानले जाते.

याचा पहिला फायदा इतर देशांनी उठवला. फ्रान्सचा विश्वविजेता मध्यरक्षक पॅत्रिक व्हिएरा याची आई मूळची केप व्हर्देची, तर स्वीडनचा हेन्रिक लार्सन याचे वडील. पोर्तुगालकडून खेळलेला नानी प्रायात जन्मला. जेल्सन फर्नांडिस हाही प्रायाचाच, पण वाढला स्वित्झर्लंडमध्ये. २०१० च्या विश्वचषकात त्या वेळच्या युरोपविजेत्या आणि पुढे विश्वविजेत्या ठरलेल्या स्पेनला स्वित्झर्लंडने १–० असे हरवले, तो गोल त्याचा. या सगळ्यांचा एक अकरा जणांचा संघ कागदावर मांडून पाहणे हा प्रायातल्या कट्ट्यांवरचा जुना विरंगुळा असणार.

हा ओघ उलटा फिरवण्यासाठी संघटनेने दोन गोष्टींचा आधार घेतला. एक म्हणजे फिफाचे सैल होत गेलेले नियम: कुमार गटात एका देशाकडून खेळलेल्याला देश बदलताना असलेली २१ वर्षांची वयाची अट २००९ मध्ये निघाली. दुसरी म्हणजे चिकाटी. आई-वडील किंवा आजी-आजोबा बेटांवरचे असलेला खेळाडू युरोपातल्या कुठल्याही विभागात खेळत असो, त्याला शोधून काढायचे. मँचेस्टर युनायटेडकडून खेळलेला बेबे आधी पोर्तुगालच्या २१ वर्षांखालील संघात होता. केप व्हर्देची निळी जर्सी त्याने २०२२ मध्ये घातली. रॉटरडॅमने तर जमीरो मोंतेरो, गॅरी रॉड्रिग्ज, डेरॉय आणि लारोस हे दुआर्ते बंधू, डेलॉन लिव्रामेंतो अशी रांगच दिली.

यातली सर्वांत गाजलेली हकिकत डब्लिनच्या रॉबेर्तो ‘पिको’ लोपेसची. आई आयरिश, वडील साओ निकोलाऊ बेटावरचे. शॅमरॉक रोव्हर्स या आयरिश क्लबचा हा बचावपटू पूर्वी बँकेत गृहकर्जाचे काम पाहत असे. तेव्हाचे प्रशिक्षक रुई आग्वास यांनी २०१८ मध्ये त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये निरोप पाठवला. लोपेसला पोर्तुगीज येत नव्हते. कुणीतरी पाठवलेला फुकटचा मजकूर समजून त्याने तो तसाच सोडून दिला. सुमारे नऊ महिन्यांनी आग्वास यांनी पुन्हा, या वेळी इंग्रजीत, विचारले आणि २०१९ च्या ऑक्टोबरात लोपेस टोगोविरुद्ध मैदानात उतरला. तेव्हापासून तो संघाच्या बचावाचा कणा आहे.

वेगवेगळ्या देशांत वाढलेल्या या खेळाडूंना जोडते ती घरात बोलली जाणारी क्रियोल, म्हणजे पोर्तुगीज आणि आफ्रिकी भाषांच्या मिश्रणातून घडलेली बेटांवरची बोली. टोपणनावांची हौसही घरचीच. प्लातिनी हे एका केप व्हर्दियन आघाडीपटूचे नाव होते. बचावपटू स्तोपिराचे नाव १९८० च्या दशकातील फ्रेंच आघाडीपटू यानिक स्तोपिरावरून पडले. गोलरक्षक जोझिमार दियास याला सगळे वोझिन्या, म्हणजे ‘आजी’, म्हणतात.

विमानतळावरचा प्रशिक्षक

२४ मे २०१० रोजी विश्वचषकाच्या तयारीत असलेल्या पोर्तुगालला केप व्हर्देने कोव्हिल्या येथे गोलशून्य बरोबरीत रोखले आणि युरोपातील वृत्तपत्रांना या संघाची पहिली दखल घ्यावी लागली. खरी उलथापालथ झाली ती लुसियो अंतुनेस यांच्या कारकिर्दीत. पेशाने ते हवाई वाहतूक नियंत्रक, प्रायाच्या विमानतळावर नोकरीला. संघाचे काम ते रजा काढून करत. २०१३ च्या आफ्रिकन नेशन्स चषकाच्या पात्रतेसाठी अखेरची गाठ कॅमेरूनशी पडली. प्रायात २–० असा विजय मिळाला. याउंदेत सॅम्युएल एटो परतला असूनही कॅमेरूनला २–१ पलीकडे जाता आले नाही, आणि एकूण ३–२ ने केप व्हर्दे पहिल्यांदा या स्पर्धेत दाखल झाला.

दक्षिण आफ्रिकेत उद्‌घाटनाचा सामना यजमानांशी होता. तो ०–० सुटला. मोरोक्कोशी १–१ झाली, गोल प्लातिनीचा. अंगोलाविरुद्ध स्वयंगोलाने पिछाडीवर पडल्यावर फर्नांदो व्हारेलाने बरोबरी साधली आणि अगदी शेवटच्या मिनिटांत हेल्डनने विजयी गोल केला. त्यानंतरच्या पत्रकार परिषदेत अंतुनेस चक्क गाऊ लागले. उपांत्यपूर्व फेरीत घानाने २–० असे हरवले, तरी पदार्पणात एवढी मजल मारणे ही लहान गोष्ट नव्हती.

त्याच वर्षी या संघाच्या इतिहासातले सर्वांत बोचरे प्रकरण घडले, आणि ते मैदानावर नव्हे, कागदावर. २०१४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत मार्चमध्ये इक्वेटोरियल गिनीने मालाबोत केप व्हर्देला ४–३ असे हरवले. यजमानांनी एमिलियो एन्सुए हा अपात्र खेळाडू उतरवल्याचे उघड झाले आणि फिफाने सामना ३–० असा केप व्हर्देला बहाल केला. पण त्याच सामन्यात व्हारेलाला लाल कार्ड मिळाले होते आणि त्यावर चार सामन्यांची बंदी लागली होती. बंदी संपली असे समजून त्याला ७ सप्टेंबर रोजी ट्युनिशियाविरुद्ध खेळवण्यात आले. केप व्हर्देने रादेसला २–० असा सामना मारला, गटात पहिले स्थान पटकावले आणि विश्वचषकापासून तो केवळ एका दुहेरी लढतीच्या अंतरावर आला. देशभर जल्लोष झाला, आणि आठवडाही उलटायच्या आत फिफाने तो सामना ३–० असा ट्युनिशियाच्या खात्यात टाकला. ज्या नियमाने मार्चमध्ये तीन गुण दिले, त्याच नियमाने सप्टेंबरात स्वप्न हिरावून घेतले. निकाल नियमाला धरून होता, तक्रारीला जागा नव्हती. म्हणूनच तो अधिक लागला.

मधली वर्षे

फेब्रुवारी २०१४ मध्ये संघ क्रमवारीत २७ व्या स्थानी पोहोचला, ही त्याची सर्वोच्च नोंद. त्याच वर्षी प्रायाजवळ चीनच्या अर्थसाहाय्याने बांधलेले १५,००० आसनांचे राष्ट्रीय स्टेडियम खुले झाले. २०१५ च्या नेशन्स चषकात तिन्ही सामने बरोबरीत सोडवून, एकही न हरता, संघ गटातच बाद झाला. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचेही तीन गुण होते, फक्त गोल जास्त होते. ३१ मार्च २०१५ रोजी एश्तोरिलमध्ये त्याने पोर्तुगालला २–० असे हरवले. रोनाल्डो त्या दिवशी खेळला नव्हता, हे सांगायला हवे. पण जुन्या सत्ताधीशांवरचा हा पहिलाच विजय होता. सामना फोगो बेटावरील ज्वालामुखीच्या उद्रेकात घरेदारे गमावलेल्यांच्या मदतीसाठी होता. त्यानंतर उतरती कळा लागली आणि २०१७ व २०१९ च्या नेशन्स चषकांत संघ दिसलाच नाही.

बुबिस्ता

२०२० च्या जानेवारीत सूत्रे माजी कर्णधार पेद्रो लेताओ ब्रितो ऊर्फ बुबिस्ता यांच्याकडे आली. बोआ विश्ता बेटावरचे हे माजी बचावपटू. त्यांच्या संघाची घडणही तशीच, आधी गोल न खाणारी. कॅमेरूनमधील नेशन्स चषकात (२०२२ च्या आरंभी) संघ बाद फेरीत गेला, पण दोन लाल कार्डांमुळे नऊ जणांवर आल्यावर पुढे विजेत्या ठरलेल्या सेनेगलकडून हरला. दोन वर्षांनी आयव्हरी कोस्टमध्ये त्याने घानाला २–१ आणि मोझांबिकला ३–० असे हरवले, इजिप्तशी २–२ बरोबरी केली आणि गटात पहिला आला. मोझांबिकविरुद्ध बेबेने सुमारे चाळीस यार्डांवरून मारलेली फ्री किक गोलरक्षकाच्या हातून निसटून जाळ्यात गेली. बाद फेरीत कर्णधार रायन मेंदेसच्या पेनल्टीने मॉरिटानियाचा काटा निघाला. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण आफ्रिकेचा गोलरक्षक रॉनवेन विल्यम्स आडवा आला. शूटआउटमध्ये त्याने केप व्हर्देच्या चार पेनल्टी अडवल्या.

२०२६ च्या पात्रता फेरीत कॅमेरून, अंगोला, लिबिया, इस्वातिनी आणि मॉरिशस हे गटातले संघ होते. जून २०२४ मध्ये याउंदेत कॅमेरूनने ४–१ असा धुव्वा उडवला, तेव्हा या संघावर पैज लावणारा विरळाच. पण त्यानंतर लागोपाठ विजय येत गेले. ९ सप्टेंबर २०२५ रोजी प्रायात कॅमेरूनशीच निर्णायक गाठ पडली. लिव्रामेंतो प्रतिहल्ल्यात चेंडू घेऊन लांबून एकटाच सुटला आणि त्याच्या त्या एकमेव गोलावर सामना निघाला. महिन्याभराने त्रिपोलीत लिबियाविरुद्ध जिंकले असते तर तेथेच काम झाले असते. १–३ अशा पिछाडीवरून ३–३ केले, शेवटच्या क्षणी चेंडू चौथ्यांदा जाळ्यात गेला, आणि ऑफसाइडचा बावटा वर झाला.

१३ ऑक्टोबरला इस्वातिनी प्रायात आला. सोमवार होता, सरकारने दुपारनंतर सुटी दिली. पूर्वार्ध कोराच गेला. विश्रांतीनंतर लिव्रामेंतो आणि विली सेमेदो यांनी काही मिनिटांच्या अंतराने गोल केले. भरपाई वेळेत, २००८ पासून या संघासाठी खेळत असलेल्या ३७ वर्षांच्या स्तोपिराने बदली म्हणून येऊन तिसरा केला. केप व्हर्दे २३ गुणांवर गटविजेता, कॅमेरून १९ वर. विश्वचषकाला पात्र ठरलेल्या आफ्रिकी देशांत एवढी कमी लोकसंख्या कुणाचीच नव्हती. जगात तेव्हा फक्त आइसलँड (२०१८) त्याच्याहून कमी लोकसंख्येचा होता. महिन्याभराने कॅरिबियनमधील क्युरासाओ पात्र ठरल्याने दोघेही एकेक पायरी वर सरकले.

विरोधाभास असा, की याच संघाला २०२५ च्या नेशन्स चषकाची पात्रता मात्र साधली नव्हती. इजिप्त, बोत्स्वाना आणि मॉरिटानिया यांच्या गटात तो तळाला राहिला. तरीही नोव्हेंबर २०२५ मध्ये बुबिस्ता आफ्रिकेतील वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. डिसेंबरच्या सोडतीत केप व्हर्दे एच गटात स्पेन, उरुग्वे आणि सौदी अरेबिया यांच्यासह पडला. पहिली लढत १५ जून २०२६ रोजी अटलांटात स्पेनशी ठरली. सर्वाधिक सामने आणि सर्वाधिक गोल या दोन्ही नोंदी रायन मेंदेसच्या नावावर आहेत. देशातील लीग अद्याप हौशी स्वरूपाचीच असून राष्ट्रीय संघातील जवळपास सारे खेळाडू परदेशी क्लबांकडून खेळतात.