किल्ली की जीभ? शब्दकोडे सोडवताना स्मृती काय करते

'न्यूयॉर्क टाइम्स'चे रोजचे शब्दकोडे सोमवारी सर्वांत सोपे असते आणि शनिवारी सर्वांत अवघड. जाळी मात्र सोमवार ते शनिवार तेवढीच, आडवी १५ आणि उभी १५ घरे. शनिवारी काळी घरे कमी आणि शब्द लांब असतात हे खरे, पण सोडवणाऱ्याचा घाम काढतात ती शोधसूत्रे. उत्तरे बहुधा ओळखीचीच निघतात.

मराठीत करून पाहू. 'चव ओळखणारा अवयव, दोन अक्षरी' हे झाले सोमवारचे शोधसूत्र. उत्तर जीभ, विचारही करावा लागत नाही. आता शनिवारचे: 'टाळ्याला लावतात ती, दोन अक्षरी'. मनात पहिली येते ती किल्ली. ती स्त्रीलिंगी आहे, दोन घरांत चपखल बसते आणि टाळ्याला लागतेही. उत्तर मात्र पुन्हा जीभच, 'उचलली जीभ लावली टाळ्याला' या म्हणीतली. शब्द तोच, ज्ञान तेच. बदलली ती फक्त त्या शब्दापर्यंत पोचण्याची वाट. अवघड कोड्याची सारी गंमत मला या वाटेत दिसते, आणि स्मृतीचे शास्त्रही नेमके याच वाटेबद्दल बोलते.

एंडेल टुल्विंग आणि झीना पर्लस्टोन यांनी १९६६ मध्ये शाळकरी मुलांना शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या. यादीतले शब्द प्रकारांनुसार मांडलेले होते. नंतर काहींना कोऱ्या कागदावर आठवतील ते शब्द लिहायला सांगितले, तर काहींना प्रकारांची नावे दिली. नावे मिळालेल्यांना बरेच जास्त शब्द आठवले. पुढे कोरा कागद मिळालेल्यांनाही ती नावे दिली, तेव्हा मघाशी 'विसरलेले' शब्द त्यांनाही सापडू लागले. शब्द डोक्यात होते, हाताशी नव्हते. डोक्यात असणे आणि हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या प्रयोगाने स्वच्छ दाखवले.

त्याच वर्षी हार्वर्डमध्ये रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी विद्यार्थ्यांना क्वचित वापरातल्या शब्दांचे अर्थ वाचून दाखवले आणि शब्द विचारले. म्हणजे जवळजवळ शब्दकोडेच घातले. शब्द अगदी जिभेवर आहे पण येत नाही, अशी ज्यांची अवस्था झाली त्यांना तो शब्द सांगता येईना, पण त्याचे पहिले अक्षर निम्म्याहून अधिक वेळा बरोबर सांगता आले. शब्द केवढा लांब आहे याचा अंदाजही बऱ्याचदा बरोबर निघाला. पुढे डेबोरा बर्क आणि डोनाल्ड मॅके यांनी याचा उलगडा मांडला: शब्दाचा अर्थ मेंदूत जागा होतो, पण अर्थापासून उच्चारापर्यंतचा दुवा क्षीण असतो. अशा वेळी त्या शब्दातले ध्वनी असणारे दुसरेच शब्द समोर आले, तर अडकलेला शब्द सुटण्याची शक्यता वाढते, हेही प्रयोगांत दिसले आहे. आता कोड्याकडे पाहा. शोधसूत्र अर्थाच्या बाजूने हाक मारते आणि आडव्याला छेदणारा उभा शब्द उच्चाराच्या बाजूने. दोन्हीकडून ओढले की शब्द बाहेर येतो.

पण भरलेले घर नेहमी मदतच करते असे नाही. समजा शोधसूत्र आहे 'पाणी साठण्याची जागा, तीन अक्षरी', आणि पहिले अक्षर 'त' उभ्या शब्दातून मिळाले आहे. आपण निःशंकपणे 'तलाव' लिहितो. मग मधल्या घरातून जाणारा उभा शब्द काही केल्या लागत नाही. तो 'वाडा' असतो, आणि आडवे उत्तर असते 'तडाग'. तडाग आपल्याला ठाऊक असतो. तरीही कागदावर तलाव आहे तोवर तो सुचणे फार कठीण, कारण दोन्ही शब्द सारखेच सुरू होतात आणि सारखाच अर्थ सांगतात. स्टीव्हन स्मिथ आणि डेबोरा टिंडेल यांनी १९९७ मध्ये ही अडवणूक प्रयोगात पकडली. काही अक्षरे गाळलेला इंग्रजी शब्द पूर्ण करायचा होता. त्याआधी त्याच्यासारखा दिसणारा, पण तिथे न बसणारा शब्द दाखवला, तर लोकांना बरोबर शब्द कमी वेळा सुचला. असे चुकीचे शब्द मनातून बाजूला ठेवा, असे बजावूनही फारसा उपयोग झाला नाही. खोडरबर घेऊन तो शब्द पुसून टाकण्याचा जुना सल्ला म्हणूनच शहाणपणाचा आहे. नुसते 'हा चुकीचा असेल' असे मनात म्हणून भागत नाही, डोळ्यांसमोरून तो गेला पाहिजे.

कोडे बाजूला ठेवून चहाला उठण्यालाही असाच आधार आहे. उटना सिओ आणि थॉमस ऑर्मरॉड यांनी २००९ मध्ये अशा विश्रांतीवरचे ११७ अभ्यास एकत्र तपासले. प्रश्न सोडून दिलेला मधला काळ खरोखर मदत करतो, असे त्यांना एकूणात आढळले. एक स्पष्टीकरण असे, की तेवढ्यात चुकीच्या शब्दाची पकड सैल होते. परत आल्यावर 'त_ _' कडे कोऱ्या नजरेने पाहता येते.

रोज कोडी सोडवून बुद्धी तल्लख होते का, हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी आवर्जून विचारतात. डेव्हिड हॅम्ब्रिक आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या अभ्यासाचे उत्तर थोडे निराश करणारे आहे. कोड्यातले कौशल्य मुख्यतः सामान्य ज्ञानावर अवलंबून दिसले, तर्कशक्तीवर फारसे नाही. वयानुसार तर्कशक्तीत होणारी घट नियमित कोडी सोडवणाऱ्यांमध्ये कमी होते, असेही आढळले नाही. याउलट सौम्य स्मृतिदोष असलेल्या १०७ जणांवर कोलंबिया आणि ड्यूक विद्यापीठांनी ७८ आठवडे केलेला प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शब्दकोडी सोडवणारा गट संगणकी खेळ खेळणाऱ्या गटापेक्षा सरस ठरला. मात्र काहीच न करणारा तिसरा गट त्यात नव्हता, त्यामुळे यावरून 'शब्दकोडे हे औषध' असे म्हणणे घाईचे होईल.

मला जास्त मोहवतो तो जाळीचा गणिती भाग. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीशास्त्राचा पाया घालणारा जो निबंध लिहिला, त्यात शब्दकोड्याचा उल्लेख आहे. भाषेत पुनरुक्ती असते, म्हणजे शब्द कळायला लागतात त्याहून जास्त अक्षरे त्यात असतात. काही अक्षरे गाळली तरी शब्द ओळखता येतो, तो तिच्यामुळेच. पुनरुक्ती शून्य असती तर अक्षरांची कोणतीही जुळणी शब्द ठरली असती आणि कशीही भरलेली जाळी कोडे झाली असती. ती फार जास्त असती तर आडवे-उभे शब्द एकमेकांत बसलेच नसते. शॅनन यांनी इंग्रजीची पुनरुक्ती साधारण ५० टक्के धरली आणि दाखवले, की तेवढ्यावर मोठी द्विमितीय कोडी जेमतेम शक्य होतात. ती ३३ टक्के असती, तर त्रिमितीय कोडीही रचता आली असती!

मराठीत हिशेब निराळा होतो, कारण आपल्या घरात मात्रेसकट अख्खे अक्षर बसते. इंग्रजी घरात २६ शक्यता. आपल्याकडे ३४ व्यंजने आणि त्यांची बाराखडी धरली तरी चारशेच्या वर, आणि जोडाक्षरे निराळीच. त्यामुळे छेदातून मिळालेले एक मराठी अक्षर सोडवणाऱ्याला इंग्रजी अक्षरापेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते. 'ड्या' मिळाले की 'वाट दाखवणारा' हा वाटाड्याच असणार, मार्गदर्शकाचा विचारही करायला नको. रचणाऱ्याचे मात्र हाल. 'महाराष्ट्र' चार घरांत बसतो, पण शेवटच्या 'ष्ट्र'मधून उभा शब्द न्यायचा कसा? 'ष्ट्र'ने सुरू होणारा शब्द नाही. मग वरून 'धृतराष्ट्र' आणा, 'उष्ट्र' आणा, किंवा खाली जागा असेल तर 'राष्ट्रपती'. 'राष्ट्रीय' चालत नाही, कारण तिथे 'ष्ट्री' आहे. म्हणून अमेरिकी इंग्रजी कोड्यांत जवळजवळ प्रत्येक घर दोन शब्दांत असते, तर आपल्या जाळीत काळी घरे भरपूर आणि पुष्कळ घरे एकाच शब्दाची.

पण जिथे छेद आहे तिथे मराठी सोडवणाऱ्याला एवढा भक्कम आधार मिळत असेल, तर आपली शोधसूत्रे नुसत्या समानार्थी शब्दांवर का थांबावीत? 'पाणी' म्हणजे 'जल' हे कुणालाही येते. आपल्या म्हणी, श्लेष आणि दुहेरी अर्थ यांचा साठा अजून पुरता वापरलाच गेलेला नाही. एखाद्या मराठी दैनिकाने आठवड्यातून एकदा तरी शनिवारच्या दर्जाचे कोडे द्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. टाळ्याला लावलेली किल्ली पुसून तिथे जीभ लिहिण्याचा आनंद घेणारे वाचक आपल्याकडे खूप आहेत.